वीतभर वाघ्या

नमस्कार श्रोतेहो. कोथरूडला आमच्या दारावर एक पाटी आहे : 'कुत्र्यापासून सावध. पायाखाली येतो.' लोक हसतात, फोटो काढतात. पण त्यात विनोद फारसा नाही. आमचा वाघ्या पोमेरेनियन, वजन सव्वादोन किलो, उंची वीतभर. नाव वडिलांनी ठेवलं, आकार न बघता.

वीतभर उंचीवरून आपलं घर कसं दिसतं, ते एकदा फरशीवर पालथं पडून बघाच. सोफा म्हणजे दुमजली वाडा. पाहुणा म्हणजे चपलांचा जोड, आणि मग वरून थेट डोक्यावर येणारा हात. तो हात आला की वाघ्या गुरगुरतो. आणि आपण? "अगं बाई, बघ कसा चिडलाय!" म्हणत त्याला उचलून कडेवर घेतो. अल्सेशियन असा गुरगुरला असता तर पाहुणा खुर्चीवर चढला असता! गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा'. ते कोणी ऐकेना, की पुढे दातच उरतात. छोटी कुत्री तापट असतात म्हणतात ना, त्यातला बराचसा ताप आपणच दिलेला असतो.

शिवाय ही काही शोभेची बाहुली नव्हेत. यॉर्कशायर टेरियर इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये उंदीर मारायचे. पॉमचे, म्हणजे पोमेरेनियनचे, पूर्वज चांगली थोराड स्पिट्झ कुत्री. 1888 साली राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून एक लहानसा पॉम आणला, आणि लहान पॉमची टूम निघाली. अंग लहान झालं, राखणदारी तशीच राहिली. लिफ्टचं दार वाजलं की वाघ्या भुंकणारच. आणि 'टीकप' म्हणून जी पिल्लं विकतात, तशी जात केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्था, मानत नाहीत. तो विकणाऱ्याचा शब्द. बरेचदा ते नुसतंच अशक्त पिल्लू असतं.

वाघ्या तीन महिन्यांचा असताना एका रात्री जेवला नाही. आम्ही म्हटलं, सकाळी खाईल. सकाळी बघतो तर मान टाकलेली, पाय लटपटताहेत, हिरड्या पांढुरक्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "हिरड्यांना बोटाने मध चोळा, घशात ओतू नका, आणि आत्ता घेऊन या." रक्तातली साखर उतरली होती. एवढ्याशा जिवाजवळ साठा तो कितीसा असणार! तेव्हापासून दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं, मोठा झाल्यावर तीनदा.

म्हणून लाडाने भरवायचं असंही नाही. त्याचं वजन दोनशे ग्रॅमने वाढलं तर साठ किलोच्या माणसाने पाच-सहा किलो चढवल्यासारखं होतं. आणि ते सगळं गुडघ्यावर येतं. या कुत्र्यांच्या गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता मध्येच एक मागचा पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालतो, मग काही घडलंच नाही असा चालू लागतो. बघणाऱ्याला गंमत वाटते. गंमत नसते ती, डॉक्टरांना दाखवा. सोफ्यापाशी एक घट्ट पाट ठेवा, उडी निम्मी होते.

गळपट्टा तर नकोच. यांची श्वासनलिका नाजूक, दोरी ओढली की दबते, आणि बदक ओरडावं तसा खोकला सुरू होतो. छातीवरून येणारा हार्नेस घ्या. दातांचं गणितही ऐका : अल्सेशियनच्या जबड्यात 42 दात, आणि चिवाव्हाच्या चिमुकल्या जबड्यातही 42च. दाटी होते, किटण साचतं. रोज ब्रश, कुत्र्यांच्या पेस्टने. दिवाळीत चिवड्यातले बेदाणे, कांद्याची भजी, चॉकलेट यातलं काहीही खाली सांडू देऊ नका. मोठ्या कुत्र्याला जे कदाचित पचून जाईल, ते याला दवाखान्यात नेतं.

शेजारच्या काकू वर्षभर तक्रार करायच्या, "तुमचा वाघ्या माझ्यावरच का गुरगुरतो?" मी म्हटलं, एकदा वाकू नका, खालीच बसा, आणि त्याच्याकडे बघू नका. काकू पार्किंगच्या पायरीवर टेकल्या, तोंड फाटकाकडे. वाघ्या आला. पदर हुंगला, चप्पल हुंगली, एक फेरी मारली. मग पुढचा एक पाय हळूच काकूंच्या पावलावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. काकू पाच मिनिटं हलल्या नाहीत.

मग फाटकाकडेच बघत हळू आवाजात म्हणाल्या, "छान आहे हो. आता मला उठवणार कोण?"