सांबऱ्याचं आभाळ आणि एअर इंडियाची जेट

नमस्कार श्रोतेहो. १८ डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीसाठी हवाई दलाची हंटर जेट विमानं बेळगावजवळच्या आपल्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उठली. आमचे आप्पा तेव्हा बाळेकुंद्रीच्या शिवारात खळ्यावर भाताच्या मळणीत होते. सांगायचे, "आवाज आला म्हणून तिकडं बघितलं, तर इमान कवाच पुढं गेल्यालं!" आमच्या घरातली जेटची पहिली ओळख ही.

त्याच सुमाराला एअर इंडिया जेटवर जग पालथं घालत होती. सुरुवात मात्र किती साधी! १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटेच जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. पुढं ती टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला गेली. १९४८ मध्ये कंपनीचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. १९५३ ला कंपनी सरकारी झाली, तरी अध्यक्षपदी जेआरडीच राहिले. ते फार बरं झालं, असं माझं ठाम मत आहे. विमानात मिळणाऱ्या चहाचा रंगसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

फेब्रुवारी १९६० मध्ये पहिलं बोइंग ७०७ आलं आणि मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. जून १९६२ पर्यंत पंख्याची सगळी विमानं बाजूला काढून एअर इंडिया पूर्ण जेटची झाली. असं करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कंपन्यांत ती होती. स्वातंत्र्याला तेव्हा पंधरा वर्षंही पुरी नव्हती, देशात धान्याची ओढाताण होती. मला या धाडसाचं आजही अप्रूप वाटतं.

जुन्या इंजिनात दट्टे खालीवर होत, सगळं विमान थरथरे. जेटमध्ये पाती गरगर फिरतात, हादरे कमी. आपल्या ७०७ च्या रोल्स रॉईस कॉनवे इंजिनात तर काही हवा जळणाच्या कप्प्याला वळसा घालून मागं सोडलेली असे, त्यानं इंधन वाचे. आणि हे इंधन कसलं? चांगलं गाळलेलं रॉकेलच की!

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा दिवेलागण झाली होती. ते कंदिलाची काच राखेनं पुसत होते. हात थांबवून त्यांनी कंदिलाच्या टाकीकडं बघितलं. "ह्याच त्येलावर? लंडनला?"