मिलो, हायब्रीड आणि कडबा

अमेरिकेच्या 'पीएल ४८०' या अन्नधान्य मदतीच्या कायद्याखाली १९५६ साली झालेल्या करारानुसार भारतात गहू येऊ लागला. त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकवता येत असल्यामुळे, परकीय चलनाची कायम चणचण असलेल्या देशाला तो जवळजवळ फुकटचाच वाटला. प्रत्यक्षात त्याची झळ देशातल्या शेतकऱ्याला बसत होती, कारण रेशनवरच्या या स्वस्त गव्हामुळे बाजारभाव दबून राहत आणि खत किंवा विहिरीवर जास्तीचा पैसा घालण्यात त्याला काही हशील दिसत नसे.

१९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन धान्याची जहाजे हात आखडूनच सोडत होते. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांना पडू लागला.

त्या काळाची गोष्ट सांगताना मेक्सिकोहून आणलेल्या, भरघोस पीक देणाऱ्या १८,००० टन गव्हाच्या बियाण्याचा उल्लेख हमखास होतो. परंतु १९६५ साली स्थापन झालेले, सरकारसाठी धान्य खरेदी करणारे अन्न महामंडळ आणि खरेदीचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग यांचे महत्त्व आमच्या मते तितकेच आहे, कारण पीक भरघोस आले तरी भाव कोसळणार नाही, ही हमी नसती तर ते महाग बियाणे आणि खत कोणी विकत घेतले असते?

महाराष्ट्राचे मुख्य धान्य मात्र ज्वारी. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे तिचे पहिले संकरित वाण आले आणि खेड्यापाड्यांत 'हायब्रीड' हे ज्वारीचेच नाव होऊन बसले. तरीही १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाण्याची वेळ आलीच, आणि त्यांची चव त्या पिढीतली माणसे आजही तोंड वाकडे करून सांगतात.

हायब्रीडचे दाणे जास्त, पण धाट बुटके, म्हणून कडबा कमी. खरिपात ते पसरले, तरी सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या रब्बी शेतकऱ्याने मालदांडी ही जुनी उंच ज्वारी सोडली नाही, कारण एकरी उताऱ्याच्या सरकारी तक्त्यात फक्त दाणे मोजले जात असले, तरी त्याच्या हिशेबात बैलांना वर्षभर पुरणारा कडबाही धरलेला असे.