फसलेला ताव मागून बघा

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईतले डिझाईन स्टुडिओ बघायला जायचं म्हटलं की आपण भिंतीवर टांगलेली पूर्ण कामं पाहून परत येतो. काम कसं घडतं ते कळायचं असेल, तर टेबलावरचं अर्धवट काम बघा. आणि छापताना बिघडला म्हणून बाजूला टाकलेला कागदाचा ताव आवर्जून मागून घ्या.

लोअर परळला उतरलात तर आधी वर बघा. जुन्या गिरण्यांच्या काही शेडवर अजून करवतीच्या दात्यांसारखी छपरं आहेत. त्यांच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे थेट ऊन जवळजवळ येतच नाही आणि दिवसभर सारखा उजेड मिळतो. हा उजेड कापडासाठी आणला होता, पण रंग पारखायलाही तो उत्तम. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि अशा जागांत पुढे बरेच स्टुडिओ आले. स्टुडिओत गेल्यावर एक नक्की विचारा: तुम्ही रंग कुठल्या उजेडात तपासता? पिवळ्या दिव्याखाली पसंत केलेला राखाडी उन्हात निळसर दिसू शकतो. म्हणून छपाईवाले दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता, 5000 केल्विनचा पांढरा दिवा वापरतात.

आता इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एखाद्या स्क्रीन प्रिंटिंगच्या गाळ्यात शिरू. इथे मात्र घाई करू नका. चौकटीवर ताणलेली जाळी असते. कागदासाठी सेंटिमीटरला साधारण 120 धागे, टी-शर्टसाठी 43 ते 55, कारण कापडाला शाई जास्त लागते. जाळीवर इमल्शन, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा लेप, ओढून ती अंधारात वाळवतात, वर पॉझिटिव्ह फिल्म, म्हणजे काळं चित्र असलेली पारदर्शक फिल्म, ठेवून प्रकाश देतात आणि मग पाण्याने धुतात. प्रकाश लागला तिथे इमल्शन कडक होतं. चित्राखालचं मऊ राहतं आणि धुवून जातं; तिथूनच पुढे शाई खाली उतरते. प्रकाश कमी पडला तर सगळंच सुटून येतं, जास्त झाला तर बारीक रेघा उघडतच नाहीत.

मुंबईच्या पावसाळ्यात यात आणखी एक विघ्न येतं. हवा इतकी दमट की इमल्शन वरून कोरडं वाटतं, आत ओलच असते. अशी जाळी, म्हणजेच स्क्रीन, नेहमीएवढा वेळ प्रकाशात ठेवली तरी पक्की होत नाही. म्हणून जाणते कारागीर तिला पंख्याच्या भरवशावर न सोडता वाळवणीच्या बंद कपाटात ठेवतात.

कागदाचंही तेच. दमट हवेत तो फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. सकाळी पहिला रंग मारला आणि दुसरा उद्यावर टाकला, तर रंगावर रंग बसेलच असं नाही. इथेच तो फसलेला ताव हातात घ्या. रंग जुळवण्यासाठी चारही कोपऱ्यांत छापलेल्या खुणा बघा. दोन रंगांच्या खुणांत सगळीकडे सारखाच फरक असेल तर कागदाची कड ज्याला टेकवतात तो टेकू सरकला आहे किंवा चौकटीची बिजागरी सैल आहे. टेकूपाशी बरोबर आणि लांबच्या टोकाकडे फरक वाढत गेला असेल, तर कागद फुगला आहे. उपाय साधा आहे: लागणारा कागद आदल्या रात्रीच त्या खोलीत मोकळा करून ठेवायचा, उरलेला प्लॅस्टिकमध्ये बांधायचा आणि सगळे रंग जमतील तितके एकाच दिवशी उरकायचे.

अक्षरांच्या स्टुडिओत यातलं काहीच दिसत नाही, नुसते संगणक आणि छापलेली प्रूफं. पण आपल्या देवनागरीचं खूप मोठं काम याच शहरात झालं आहे. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींचा, ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे ‘एक टाइप’ या स्टुडिओचे. एका देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. प्रूफ हातात आलं की ‘दुसऱ्या’तला अर्धा र शोधा, ‘ष्ट्रि’ शोधा. ‘ष्ट्रि’च्या वेलांटीची कमान रुंद जोडाक्षराच्या दंडापर्यंत पोचते का? एकाच मापाची वेलांटी सगळीकडे चिकटवली असेल तर ती मधेच लटकते. मराठी वळणाचे ल आणि श दिलेत का, तेही विचारा. निम्म्या फॉन्टांचा कस इथेच लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

लालबाग-परळच्या गणपतीच्या चित्रशाळाही मी याच यादीत घालतो. साचा, जोडकाम, रंग आणि डोळ्यांची आखणी अशी तिथे कामाची चोख वाटणी असते. आखणी करणारे हात मोजके, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत सगळं काम त्यांच्यापाशी येऊन तुंबतं. जायचं तर ज्येष्ठ-आषाढात जा. श्रावण लागला की बोलायला कुणाला सवड नसते.

कुठेही आधी फोन करून, तिघा-चौघांनीच जा, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. फोटो विचारल्याशिवाय काढू नका; टेबलावरचं काम अजून बाजारात न आलेलं, गिऱ्हाइकाचं असतं. ओल्या तावाला बोट लावू नका. विद्यार्थ्यांचं काम बघायचं असेल तर 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेचं आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन शाळेचं वार्षिक प्रदर्शन गाठा. तिथे काम करणारी मुलं शेजारीच उभी असतात, आणि काय जमलं नाही ते विचारलं तर मोकळेपणाने सांगतात.