चोर्ला घाटात वारा समोरून

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातली साखळी मागे टाकली, केरी आलं, अंजुणे धरणाचं पाणी दिसलं, की चोर्ल्याचा रस्ता वर तोंड करतो. तो समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटरपर्यंत चढतच राहतो. मोटारीतून जाताना हे कळत नाही. सायकलवर पोटऱ्यांना कळतं.

चढाची सवय होते हो. वाऱ्याची होत नाही. आपण ताशी 8 किलोमीटरने रांगत असतो, समोरून 20 च्या वेगाने वारा येतो, म्हणजे छातीवर 28 ची हवा. आणि हवेचा हिशेब सरळ नसतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. पुन्हा सांगतो, वेग दुप्पट, रेटा चौपट. फ्रान्समध्ये मों व्हाँतू नावाचा 1909 मीटरचा बोडका डोंगर आहे. 2016 साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा एक टप्पा त्याच्या माथ्यावर संपायचा होता. वारा इतका, की शेवटची रेषा सहा किलोमीटर खाली आणावी लागली. तिथे आमची काय कथा!

तर आमची कथा. जानेवारी महिना. भाच्याची गियरवाली सायकल मागून घेतली आणि पहाटेच निघालो, ऊन टाळायचं म्हणून. शहाणपणा! थंडीच्या दिवसांत पहाटे वारा घाटावरून खाली, समुद्राकडे वाहतो. मतलई वारा. आमच्या रापणकारांना, म्हणजे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना, हे ठाऊक असतं, मला नव्हतं.

पहिल्या दोन वळणांत झाडी होती, बरं चाललं. तिसऱ्या वळणावर कडा उघडा पडला आणि वाऱ्याने अशी थप्पड दिली की हँडल आपोआप दरीकडे. घाबरून, पेडलवर पूर्ण जोर असतानाच गियर बदलला. खाड! चेन खाली.

काळे हात घेऊन चेन बसवतोय, तर डोक्यावर पाटी घेतलेली एक मावशी शेजारून गेली. सत्तरीची तरी असेल. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सायकल तुका व्हरता, काय तूं सायकलीक व्हरता?" म्हणजे सायकल तुला नेते, की तू सायकलला?

मी हसलो, टांग मारली, तिला मागे टाकलं. पुढच्या वळणावर पोचतो तर मावशी आधीच वर, दगडावर पाटी टेकवून उभी! पुन्हा मागे टाकली. त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा तीच. मला वाटलं, जुळ्या बहिणी असाव्यात. मग दिसलं. रस्ता वेटोळे घेत होता आणि ती पायवाटेने सरळ वर येत होती.

तिसऱ्या भेटीत मी उतरलोच. धाप लागून बोलवेना. मावशी म्हणाली, "वोत वयर सरल्याबगर वारो पडचो ना. बस रे मात्सो." म्हणजे ऊन वर आल्याशिवाय वारा पडायचा नाही, बस जरा.

बसलो. मोरीच्या कठड्यावर, वाऱ्याला पाठ करून. माझ्याकडे पाव होता, तिच्याकडे गूळ. आता पावाचा विषय निघालाच आहे तर बोलतो: गोव्यातला अस्सल सायकलपटू म्हणजे पोदेर, आमचा सायकलवरचा पाववाला. ना गियर, ना हेल्मेट, मागे भलीमोठी टोपली, एक हात भोंग्यावर, आणि चढावरसुद्धा उतरत नाही. पण हल्ली उंडो, म्हणजे गोल पाव, हातात घेतला तर आत हवाच जास्त. पीठ कुठे जातं देव जाणे. असो.

साडेनऊच्या सुमारास ऊन वर आलं आणि खरोखर पानं हलायची थांबली. त्यानंतर मी चढलो, हळू, पण न उतरता.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच: चेन पुढे लहान दातेरी चाकावर, मागे मोठ्या, म्हणजे हलका गियर. आणि तो वळणाच्या आधी टाकायचा. वळणाच्या आधी! पेडलवर जोर असताना नाही. उघड्या कड्यावर अंग खाली वाकवा, हँडल आवळून धरू नका, आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका, झोत आला तर सावरायला हातभर जागा हवी. पाणी, पंक्चरचं सामान वगैरे तुम्हाला सांगायला नको.

सुर्ल्याच्या फाट्याजवळ चहा मिळाला. मावशी अर्थातच आधी पोचलेली. माझ्या पाचशेच्या नोटेचे सुटे कोणाकडे नव्हते, तेव्हा चहाचे पैसे तिने कमरेच्या चंचीतून काढून दिले.

दुपारी परत निघालो. मनात म्हटलं, सकाळी समोरून होता, आता वारा पाठीवर असणार. घाट उतरून केरीच्या सपाटीला लागलो, तर समुद्रावरून खारा वारा सुटलेला. थेट तोंडावर! साखळीपर्यंत पेडल मारत आलो, श्रोतेहो, तेही हलक्या गियरमध्ये.

नमस्कार.