जवाच्या शेतात उमटलेलं शहर

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. तिथल्या नॉर्विच शहरापासून दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर, टास नावाच्या लहानशा नदीच्या काठी केस्टर सेंट एडमंड हे खेडं आहे. घरं मोजकीच. वस्तीपासून बाजूला, शेतात एकटंच उभं असलेलं एक जुनं चर्च, आणि त्या चर्चला एका कोपऱ्यात घेऊन चारही बाजूंनी फिरलेला एक भक्कम तट. चकमकीच्या दगडांचा, मधूनमधून लाल विटांचे थर असलेला. उत्तरेकडे तो आजही दोन माणसांच्या उंचीहून उंच आहे. चर्चच्या भिंतीतसुद्धा त्याच जुन्या विटा बसवलेल्या दिसतात.

हा तट रोमन आहे हे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नॉर्विचचा मागमूस नव्हता तेव्हा केस्टर हे नगर होतं, आणि केस्टरच्या दगडांवर नॉर्विच उभं राहिलं, अशी एक जुनी म्हण त्या भागात आहे. पण तटाच्या आत काय होतं? तिथे नांगर चालायचा, पेरणी व्हायची, कापणी व्हायची. एखादं नाणं, खापराचा तुकडा फाळाला लागून वर यायचा. एवढंच.

मग उजाडला १९२८ चा उन्हाळा. पाऊस कमी झालेला, शेतात जवाचं पीक उभं. २० जुलैला ब्रिटिश हवाई दलाच्या एका विमानानं तटावरून उडताना छायाचित्रं घेतली, आणि त्या छायाचित्रांत अख्खं शहर दिसलं. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते, मधे चौक, इमारतींच्या खोल्यांपर्यंतची आखणी. ते पिकावर फिकट रेघांनी काढलेलं होतं.

हे कसं होतं ते जरा सावकाश सांगते, कारण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. जमिनीखाली जुना रस्ता किंवा भिंतीचा पाया असेल, तर त्याच्यावर मातीचा थर पातळ असतो. पिकाची मुळं थोडी खाली गेली की दगडाला टेकतात. पाऊस नियमित पडत असेल तर फरक कळत नाही. पण ओल संपत आली की त्या पट्ट्यातलं पीक आधी सुकतं, खुजं राहतं, लवकर पिवळं पडतं. याच्या उलट, जमिनीत एके काळी चर खणलेला असेल आणि तो पुढे गाळानं, मातीनं बुजला असेल, तर तिथे मऊ माती खोलवर असते. ती ओल धरून ठेवते. म्हणून त्या जागचं पीक उंच वाढतं आणि शेजारचं सगळं पिवळं झालं तरी हिरवं राहतं. आपल्याकडे मुरमाड रानात बुजवलेल्या चारीवरची ज्वारी बाकीचं शेत माना टाकत असताना तरारलेली दिसते, तोच हा प्रकार. अशा खुणांना क्रॉपमार्क म्हणतात. गहू, जव यांसारख्या पिकांत त्या चांगल्या उमटतात, आणि वाळू-गोट्यांच्या किंवा चुनखडीच्या हलक्या जमिनीत विशेष स्पष्ट दिसतात. चिकण जमीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती सहसा दाद देत नाही.

बांधावर उभं राहून यातलं फारसं काही कळत नाही. इथे एक रोप हिरवं, तिथे एक पिवळं, इतकंच दिसतं. रेघ जुळायला उंचीवरून पाहावं लागतं. म्हणूनच ही विद्या विमानाबरोबर आली. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक टिपायला शिकलेले डोळे शांततेच्या काळात शेतांकडे वळले. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हे त्यांतले प्रमुख. युद्धात त्यांनी विमानातून टेहळणी केली होती आणि १९२० मध्ये ते ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे तयार करणाऱ्या खात्याचे पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. दुसरे गिल्बर्ट इन्सॉल, युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले वैमानिक. १९२५ च्या डिसेंबरात स्टोनहेंजजवळून उडताना त्यांना शेतात एक वर्तुळ दिसलं. पुढच्या जुलैत तिथे गहू उभा असताना घेतलेल्या छायाचित्रात एकात एक अशी ठिपक्यांची कडी उमटली. ते ठिपके म्हणजे हजारो वर्षांपूर्वी रोवलेल्या लाकडी खांबांचे खड्डे होते. त्या जागेला आज वुडहेंज म्हणतात.

हेच इन्सॉल १९२९ च्या जूनमध्ये केस्टरच्या परिसरावरून जात होते. रोमन नगरापासून थोड्याच अंतरावर, आर्मिंगहॉल गावाच्या शेतात त्यांना पुन्हा वर्तुळं दिसली. १९३५ मध्ये ग्रॅहम क्लार्क या तरुण पुरातत्त्वज्ञानं तिथे उत्खनन केलं. एकात एक असे दोन गोल चर निघाले आणि आत घोड्याच्या नालेच्या आकारात रोवलेल्या आठ प्रचंड खांबांचे खड्डे. हे खांब ओकच्या झाडांचे बुंधेच होते, जवळजवळ मीटरभर जाडीचे. रोमन लोक या बेटावर येण्याच्या सुमारे तीन हजार वर्षं आधी, लोखंड माहीत नसताना, कुणीतरी ते तोडून, ओढून आणून उभे केले होते. आता त्या शेतावरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या आहेत.

आता पुन्हा तटाच्या आत येऊ या. १९२९ च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ते छायाचित्र छापून आलं. लोकांचं कुतूहल इतकं जागं झालं की वर्गणीतून पैसा उभा राहिला आणि त्याच वर्षी प्राध्यापक डोनाल्ड अ‍ॅटकिन्सन यांनी खोदाई सुरू केली. ती १९३५ पर्यंत चालली. नगराचा मुख्य चौक, स्नानगृह, दोन मंदिरं, काच वितळवण्याची भट्टी असं बरंच सापडलं. याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे पुरातत्त्वाची परंपरा उभी करणारे ह. धी. सांकलिया लंडनमध्ये शिकत होते आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली दक्षिण इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात शिकत होते. आपल्या नेवासे-इनामगावच्या शास्त्रीय खोदाईचा एक धागा तिथवर जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

केस्टरचं हे नगर म्हणजे व्हेंटा आइसेनोरम. आइसेनी ही या प्रदेशातली मूळ जमात. इसवी सन ६० - ६१ मध्ये राणी बूडिकानं रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला तो याच आइसेनींच्या बळावर. उठाव चिरडल्यानंतर काही दशकांनी, त्याच लोकांचं प्रशासकीय केंद्र म्हणून हे नगर आखलं गेलं.

पण छायाचित्र ‘कुठे’ ते सांगतं, ‘केव्हा’ आणि ‘का’ ते सांगत नाही. अ‍ॅटकिन्सन यांना एका जळालेल्या इमारतीत तीसहून अधिक माणसांच्या कवट्या मिळाल्या. रोमन अमलाच्या शेवटी इथे कत्तल झाली असावी, असा अर्थ त्यांनी लावला. गोष्ट थरारक होती, त्यामुळे ती कित्येक वर्षं सांगितली गेली. १९८० च्या दशकात जुन्या नोंदी नव्यानं तपासल्या गेल्या तेव्हा ती टिकली नाही. जळालेली इमारत आणि ते अवशेष यांची सांगड घालायला पुरेसा आधारच नव्हता. मुळात अ‍ॅटकिन्सन यांच्या हातून सविस्तर अहवाल कधी पूर्ण झाला नाही. शेपर्ड फ्रिअर यांनी त्यांच्या टिपणांवरून चौक आणि स्नानगृहाचा वृत्तान्त छापला तो १९७१ मध्ये. मला याचं फार वाईट वाटतं. खणलेला थर परत खणता येत नाही. त्याची नोंद नीट राहिली नाही, तर जमिनीनं दोन हजार वर्षं सांभाळलेलं एका ऋतूत जातं.

खरी नवलाची वस्तू मात्र तटाबाहेर मिळाली. रोमन गेल्यानंतर आलेल्या लोकांची एक दफनभूमी तिथल्या चढावर आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांची दहनानंतरची राख मातीच्या घटांत पुरलेली. १९३० च्या दशकात खणलेल्या अशा एका घटात मेंढ्यांच्या घोट्याची हाडं होती, बहुधा खेळातल्या सोंगट्या. त्यांत एक हाड वेगळं, रो जातीच्या हरणाचं. त्यावर रून लिपीत, म्हणजे उत्तर युरोपातल्या लोकांच्या जुन्या कोनदार लिपीत, सहा अक्षरं कोरलेली आहेत. काळ पाचव्या शतकाचा. इंग्लंडमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या रून लेखांत त्याची गणना होते. कुणी मेलं, तर त्याच्या राखेबरोबर त्याच्या सोंगट्याही ठेवाव्यात असं त्याच्या माणसांना वाटलं. राजेरजवाड्यांच्या सोन्याहून मला ते हाड जवळचं वाटतं.

१९८० च्या दशकात नॉरफोक आर्किऑलॉजिकल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात ही जागा आली. तटाच्या आतली नांगरट थांबली, तिथे गवत वाढलं, मेंढ्या चरू लागल्या. नांगराचा फाळ दरवर्षी थोडं थोडं खरवडत होता, म्हणून हा निर्णय अगदी योग्य. त्यामुळे जवावर उमटणारं चित्र मात्र गेलं. मग दुसरी साधनं आली. २००७ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या विल बाउडेन यांच्या चमूनं मॅग्नेटोमीटर घेऊन सगळं रान पायाखाली घातलं. भाजलेली माती, बुजलेले चर यांच्यामुळे जमिनीच्या चुंबकत्वात जो सूक्ष्म फरक पडतो, तो हे यंत्र टिपतं. त्यातून मंदिरांजवळ अर्धवर्तुळाकार नाट्यगृह असल्याच्या खुणा मिळाल्या. रस्त्यांचं जाळं तटाच्या बाहेरही गेलेलं स्पष्ट झालं. आज दिसतो तो तट बऱ्याच उशिरा, तिसऱ्या शतकाच्या अखेरीकडे बांधला गेला. त्यानं नगराचा फक्त मधला भाग वेढला, आणि आधीचे रस्ते त्याच्याखाली तुटले.

या परगण्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. १९७० च्या दशकात मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या हौशी लोकांशी इंग्लंडमधल्या बहुतेक पुरातत्त्वज्ञांचं वैर होतं. नॉरफोकच्या संशोधकांनी त्यांना बोलावून घेतलं, त्यांच्या वस्तू पाहिल्या, जागा नोंदवल्या. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंबद्दलचा १९९६ चा ट्रेझर कायदा आणि लोकांना सापडलेल्या वस्तूंची १९९७ मध्ये सुरू होऊन पुढे देशव्यापी झालेली नोंदणी योजना यांच्या मागे हा अनुभव होता. चोरून, रात्रीच्या वेळी खणणारे तिथेही आहेत, आणि त्यांनी केलेलं नुकसान भरून येत नाही. कारण वस्तू कुठल्या शेतात, कुठल्या थरात होती हे एकदा गेलं की उरतो तो नुसता धातूचा तुकडा.

इंग्लंडमध्ये राहणारे आपले श्रोते असतील, त्यांनी नॉर्विचला गेल्यावर केस्टरला जरूर जावं. तटाभोवती फिरायला पैसे पडत नाहीत. तिथे केस्टर रोमन प्रोजेक्ट हा स्वयंसेवकांचा गट २००९ पासून काम करतो. गटातले लोक विद्यापीठाच्या बरोबरीनं उन्हाळ्यात खोदाई करतात, खापरं धुतात, नोंदी ठेवतात. तटाबाहेरचं मोठं मंदिर याच गटानं नव्यानं तपासलं. खोदाई चालू असते तेव्हा लोकांना ती जवळून पाहता येते, आणि शंका विचारल्या तर हातातलं काम थांबवून ते समजावून सांगतात.