रुळाखालची खडी आणि संगणकाची वही

[दृश्य : दादर. धीम्या मार्गावर लोकल शिरते. कॅमेरा रुळाच्या पातळीवर.]

भरलेल्या लोकलचं ओझं रुळावरून स्लीपरवर आणि स्लीपरवरून खडीवर येतं. काळ्या पाषाणाचे हे टोकदार तुकडे कशानेही सांधलेले नाहीत, नुसते एकमेकांना अडून बसलेत.

गाडी गेली की त्यातले काही केसभर सरकतात. होता होता रूळ खचतो. कुठे आणि किती, हे संगणकावर पाहायचं तर खडीला एकसंध थर मानून भागत नाही. १९७९ मध्ये पीटर कंडॉल आणि ओटो स्ट्रॅक यांनी वेगळी रीत मांडली : प्रत्येक कण सुटा धरायचा आणि दोन कण भिडले की त्या जागचं बळ काढायचं. त्यासाठी लागणारं सूत्र हाइनरिश हर्ट्झ यांनी शंभरेक वर्षं आधीच देऊन ठेवलं होतं. हो, रेडिओ लहरींवाले तेच हर्ट्झ.

[दृश्य : पडद्यावर हजारो गोळे घरंगळतात.]

सूत्राचं काही अवघड नाही. कटकट आहे ती कोण कोणाला टेकलंय हे शोधण्याची. एक लाख कणांची प्रत्येक जोडी तपासायची तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, आणि त्याही दर पावलाला, म्हणजे गणितातली वेळ जराशी पुढे सरकली की पुन्हा. पण दादरच्या पुलावर धक्का लागतो तो शेजारच्याचा, कल्याणला उभ्या असलेल्या माणसाचा नव्हे. म्हणून जागेचे खण पाडतात आणि आजूबाजूच्या खणांतलेच कण तपासतात. शेजाऱ्यांची यादी मुद्दाम थोडी सैल ठेवतात. अजून टेकले नाहीत पण टेकतील, असेही त्यात घेतात. मग ती पुन्हापुन्हा करावी लागत नाही.

यादी नव्याने करताना मात्र जपावं लागतं. घर्षणाला आठवण असते : दोन दगड टेकल्यापासून एकमेकांवर किती घसरले, ते प्रत्येक संपर्कागणिक लिहून ठेवावं लागतं. दगड सुटले की नोंद पुसायची. टेकलेलेच असताना ती हरवली, तर घर्षण एकदम शून्यावर येतं आणि शांत उभा असलेला ढीग विनाकारण ढासळतो. त्यात खरी खडी गोल नसते. तीन-चार गोळे जोडून एक दगड करतात, आणि असे दोन दगड एकाच वेळी अनेक ठिकाणी भिडतात. प्रत्येक ठिकाणाची नोंद वेगळी.

[दृश्य : लोकल सुटते.]

शिवाय दगड कठीण, त्यामुळे वेळेचं एक पाऊल सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही लहान. दहा सेकंदांत जाणाऱ्या गाडीसाठी दहा लाखांवर पावलं! अशा वेळी कण मऊ करायची पळवाट आहे. कठीणपणा शंभरपट कमी केला की पाऊल दहापट मोठं घेता येतं. नरसाळ्यातून धान्य कसं ओघळतं ते पाहायला हे चालतं. रूळ किती दबतो हाच प्रश्न असेल, तर मऊ केलेली खडी जास्तच दबणार. तिथे मूळ कठीणपणा ठेवून गणित रात्रभर चालू द्यावं लागतं.