खाडा

नमस्कार, श्रोतेहो.

मी मुंबईतल्या एका संग्रहालयात अभिरक्षक आहे. सांस्कृतिक इतिहास हा माझा विभाग. पदाचं नाव भारदस्त असलं तरी आमच्या चाळीत मी 'म्युझियमवाल्या बाई'. दिवाळीची साफसफाई झाली की कुणी ना कुणी दारात येतं. "बाई, आजोबांचा तांब्याचा बंब आहे. घेता का?"

बहुतेक वेळा मी नाही म्हणते. बंब आमच्याकडे चार आहेत आणि कोठारात जागा किती, ते मुंबईकरांना मी काय सांगू! पण नाही म्हणण्याआधी विचारते. बंब कुठे ठेवायचात? पहाटे उठून पेटवायचं कोण? पहिल्या पाण्याचा मान कुणाचा, शेवटी उरलेलं कोमट पाणी कुणाच्या वाट्याला? एखाद्या घरातून या प्रश्नांची उत्तरं भराभरा आली, तर पाचवा बंबही मी घेते. उत्तरं नसतील तर तांबं भंगारवालाही ओळखतो.

एक विनंती आत्ताच करते, नाहीतर राहून जाईल. वस्तू देण्याआधी घासू नका. चिंच लावून लखलखीत केलेलं भांडं लोक कौतुकाने आणतात आणि मला रडू यायचं बाकी राहतं. बुडाची काजळी, काठावरचा पोचा, कुणीतरी दाभणाने कोरलेलं नाव, माझं निम्मं काम तिथेच असतं.

तर गोष्ट एका वहीची. लालबागच्या एका आजींनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणली. आजी मूळच्या पाटणकडच्या. गिरणीच्या दिवसांत त्यांची खानावळ होती. खानावळ म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक चूल, नंतर स्टोव्ह, आणि तीन पाळ्यांना जेवणारे वीसेक गडी. ही माणसं एकटी मुंबईत. बायकामुलं गावाला. एकाच गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, भिंतीला ट्रंका लावायच्या, रातपाळीचा माणूस आला की पहिल्या पाळीवाल्याच्या जागेवर अंग टाकायचं. पोटाला मात्र अशा एखाद्या मावशीची भाकरी. गिरण्यांनी मुंबई उभी केली हे आपण शाळेत शिकलो. त्या गिरण्या चालवणाऱ्यांना कुणी जेवू घातलं, हे पाठात नव्हतं. या बायका वाण्याकडून उधारीवर धान्य उचलायच्या, सावकाराचं व्याज भरायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांचे गट केले आणि त्यांना बँकेची दारं उघडून दिली, तेव्हा कुठे अनेकजणींची सावकारातून सुटका झाली.

आजींना लिहिता येत नव्हतं. नावं लेकीने लिहिलेली, चौथीतल्या अक्षरात. पण वाचायचं आजींना, म्हणून प्रत्येक नावाशेजारी त्यांनी स्वतः एक चित्र काढलेलं. भजनात बसणाऱ्याला टाळ. कायम छत्री विसरणाऱ्याला छत्री. एकाला नुसती मिशी. पुढे महिन्याचे रकाने. जेवला तर उभी रेघ, नाही जेवला तर शून्य. शून्य म्हणजे खाडा. पगाराच्या दिवशी खाडे वजा करून हिशेब.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. ही तारीख आमच्या दालनात मोठ्या अक्षरांत आहे, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांचा फोटोही आहे. पण मला संप कळला तो या वहीत. जानेवारीच्या पानावर काहीच घडत नाही. रेघांमागून रेघा. संप आहे, पगार नाही, तरी सगळे जेवताहेत. फेब्रुवारीतही. शिमग्याला गावी गेलेल्यांची शून्यं लागतात आणि त्यातली काही परत रेघ होतच नाहीत. टाळ गेला. मिशी गेली. पावसाळ्यापर्यंत पानावर तीन चित्रं उरतात. शेवटच्या रकान्यात रुपयांचे आकडे आहेत आणि त्यांच्यापुढे 'मिळाले' अशी खूण नाही.

इथे माझी पंचाईत झाली. उधारी आहे आणि नावंही आहेत. त्यांची मुलं-नातवंडं याच भागात राहतात, कदाचित हे भाषणही ऐकत असतील. पान उघडं मांडावं का? मी आजींना विचारलं.

त्या म्हणाल्या, "तवा मागितलं न्हाई, आता काचंत लावून मागू व्हय? झाका नावं."

राणीच्या बागेतलं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं, आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. तिथे मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. लहानपणी त्या कपाटांना नाक लावून मी उभी राहायचे. प्रत्येकाची पगडी वेगळी, नेसण वेगळी, धंदा वेगळा. नाव मात्र एकालाही नाही. या धंद्यात आल्यावर मला ते फार खुपायला लागलं. आणि आता माझ्या हातात नावांची वही आली, तर मीच त्यावर कागदाची पट्टी ठेवत होते! पट्टी चिकटवलेली नाही, नुसती ठेवलेली आहे. चित्रं उघडी आहेत. छत्री कोण होती ते ज्याच्या घरचं आहे त्याला ओळखू येईल.

वही आली तेव्हा तिच्यात कसर होती. म्हणून ती आधी पिशवीत बंद करून बाकी संग्रहापासून लांब ठेवली. मुंबईच्या पावसाळ्यात कागद नुसता उघडा राहिला तरी बुरशी धरतो. मग मऊ ब्रशने एकेक पान झाडलं. पानांवर हळदीचे डाग आहेत, एका ठिकाणी तर अंगठाच उमटलाय. डाग काढायचा प्रयत्न करू का, असं आमच्या जतन विभागातल्या सहकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, शाई गेली तरी चालेल, पण हळद राहू दे. अर्थात हे रागाच्या भरात. शाईही हवीच आहे. पण हळद उजेडात उडते, आणि उडालेली परत आणता येत नाही. म्हणून कागदाला आम्ही पन्नास लक्सच्या वर उजेड देत नाही; लक्स हे उजेडाचं माप, आणि पन्नास म्हणजे अगदी मंद. दालनात शिरल्यावर "किती अंधार हो," असं लोक कुरकुरतात, त्याचं कारण विजेचं बिल नव्हे. आणि तेवढ्या उजेडातही तीन महिने झाले की पान उतरवून अंधारात ठेवायचं, जागी त्याची छापील प्रत लावायची.

मागच्या महिन्यात आजी नातीला घेऊन आल्या. काचेपाशी गेल्या, वाकून पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "ही माझी न्हवं. हळद कुठाय?"

मी सांगितलं, "आजी, तुमची वही विश्रांतीला आत ठेवलीय. दिवाळीनंतर परत लावू."

"किती दिस?"

"चार महिने."

आजींनी काचेवर बोट टेकलं, बरोबर रकान्यांच्या वर.

"मग मांडा तिचा खाडा."